तेवीस नंबरचा बिल्ला

शीतगृहाच्या दाराला लागून एक खिडकी होती. तिथे बिल्लेवाली बसायची. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला शेजारच्या फळ्यावर अडकवायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. पाळी संपली आणि फळा रिकामा दिसला की मुकादम दाराला बाहेरून अडसर घालणार. नियम एवढाच. आत उणे वीस. आतली कडी बर्फानं धरली की माणसाच्या हाताला हलत नाही.

फळा मात्र कधीच रिकामा नसायचा. तेवीस नंबर कायम लटकलेला. तो बिल्ला हमालांतल्या एका म्हाताऱ्याचा. नऊ वर्षांपूर्वी म्हातारा घाईत बिल्ला न अडकवता आत गेला. फळा रिकामा, अडसर पडला. सकाळी दार मी उघडलं. मी तिथला फिटर. सातव्या रांगेच्या शेवटी, मांस टांगायच्या आकड्याखाली तो गोठून बसलेला होता. बिल्ला त्याच्या खिशात होता. तो मीच काढला आणि फळ्यावर नेऊन अडकवला. का, ते विचारू नका. त्यानंतर त्या बिल्ल्याला कुणी हात लावला नाही. अडसरही कुणी घातला नाही. नुसतं दार लोटायचे.

बिल्लेवाली त्यानंतर दोन वर्षांनी आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, घरी आजारी आई. नोकरी करत पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश परीक्षेला बसली. दोनदा आपटली, दोन्ही वेळा तर्काच्या भागात. तिसऱ्या वेळी वय एकोणचाळीस. चाळिशीनंतर अर्ज घेत नाहीत.

मी तोवर निवृत्त झालो होतो. डबा घेऊन जुन्या लोकांत जेवायला जायचो. एकदा तिचं पुस्तक उचलून पाहिलं.

"काका, त्यात तुम्हाला काय कळणार?" ती म्हणाली.

"गळती शोधण्यात जन्म गेला माझा. वाच."

तिनं वाचलं : गोदामात पाच वर्षं चोरी झाली नाही, म्हणून पहारेकरी कामाचा आहे. यात काय गृहीत धरलं आहे?

"पहारेकरी प्रामाणिक आहे," ती म्हणाली.

"हे तुला वाटतं. लिहिलंय कुठे? पहारेकरी नसता तरी चोरी झाली नसती, तर?"

तिनं पेन्सिल उचलली.

पाणी छताच्या एका कोपऱ्यातून टपकतं, पण पाइप दुसरीकडेच फुटलेला असतो. टपकतं तिथे सिमेंट थापणारा फिटर मी कधी जवळ उभा केला नाही. तिला तेच सांगितलं. रोज दहा प्रश्न. उत्तर बरोबर आलं तरी बाकीचे चार पर्याय का चूक, ते लिहायचं. चुकलेला प्रश्न आठ दिवसांनी पुन्हा. सात महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हाही बाकावर बसून दहा सोडवले. मी वह्या तपासल्यात.

एकाच गोष्टीवर आमचं जमेना. काही प्रश्नांत शेवटचा पर्याय असायचा : दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. त्यावर ती खूण करायचीच नाही.

"हे कामचुकाराचं उत्तर आहे," ती म्हणायची.

मलाही तसंच वाटायचं. म्हणून मी बोललो नाही. ती माझी चूक.

परीक्षा दुपारी दोनची. केंद्र तासाभरावर. बारा वाजता पाळी संपली की मी तिला स्कूटरवरून नेणार होतो. बाराच्या ठोक्याला पोचलो. ती पिशवी खांद्याला लावून उभी होती. मुकादम फळ्यासमोर तोंड उघडं टाकून उभा.

"म्हातारा गेला हो," तो मला म्हणाला. "नऊ वर्षांनी गेला एकदाचा."

फळा रिकामा होता. तेवीसचा आकडाही मोकळा.

"कुणी काढला?" मी विचारलं.

"कुणी नाही. सकाळी होता ना ताई?"

"सकाळी मोजला मी," ती म्हणाली. "होता."

मुकादमानं हात जोडल्यासारखं केलं आणि नऊ वर्षं भिंतीला टेकून पडलेला अडसर उचलून दाराला घातला. त्याचा आवाज आम्ही सगळे विसरलो होतो. मी स्कूटरकडे वळलो. ती वळली नाही.

"काका, थांबा. फळा रिकामा, म्हणून आत कुणी नाही. यात गृहीत काय आहे?"

"अगं, उशीर होतोय."

"आत जाणारा प्रत्येक जण बिल्ला अडकवतो, हे गृहीत आहे. पण तेवीस लटकलेला असताना अडसर कुणी घालतच नव्हतं. मग बिल्ला अडकवायची गरज कुणाला वाटणार? मुकादम, अडसर काढा."

"ताई, सगळे बाहेर आलेत. तुमचा पेपर आहे, जा."

"लंबू कुठाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. लंबू म्हणजे हमालांतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात तोंडाळ माणूस. तो आवारात असला की शोधावा लागत नाही.

मुकादमानं अडसर काढला, पण दार उघडेना. चौकट बर्फानं धरली होती. बिजागरीवर गरम पाणी ओतून, पहार लावून मला सव्वा तास लागला. ती तेवढा वेळ घड्याळ बघत होती आणि पाणी आणून देत होती. निघ म्हणालो तर म्हणाली, "आधी दार."

लंबू दारापासून चार हातांवर पडला होता. शुद्धीत होता. ओठ निळे.

"बिल्ला कुठाय तुझा?" मुकादम ओरडला.

"घरी," तो दात वाजवत म्हणाला. "दोन वर्षं झाली. म्हातारा लटकतोय की सगळ्यांच्या वतीनं." मग आतल्या बाजूला बोट केलं. "तिकडे कोणीतरी बोलावत होतं. मी दाराकडेच सरपटलो."

ती आणि मी टॉर्च घेऊन सातव्या रांगेपर्यंत गेलो. शेवटच्या आकड्याला काहीतरी लटकत होतं. वरचं हिम मी खिळ्यानं खरवडलं. बिल्ला. तेवीस. तीनचं पोट वाकडं. ते नंबर मीच ठोकलेले. तीन ठोकताना हातोडी सरकली होती.

त्यावरचं हिम बोटभर जाड होतं. बोटभर साचायला त्या खोलीत महिना लागतो. बत्तीस वर्षं मी ते खरवडलंय. यात माझी चूक होत नाही.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "मग सकाळी मी फळ्यावर काय मोजलं?"

मी बिल्ला खिशात टाकला आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

केंद्रावर पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासापर्यंत आत घेतात, वाढीव वेळ देत नाहीत. तिची बोटं गारठ्यानं सुजलेली. गणिताचे नऊ प्रश्न तिनं सोडून दिले. तर्काचा भाग मात्र पूर्ण केला.

बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलली, "काका, तो शेवटचा पर्याय. चार ठिकाणी लिहिला."

चारही बरोबर निघाले. प्रवेश मिळाला, शेवटच्या यादीत, खालून दुसरं नाव. जाण्याआधी नव्या बिल्लेवालीला तिनं दोन दिवस शिकवलं. फळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. दारात उभं राहून प्रत्येक नाव पुकारायचं, माणूस डोळ्यांनी पाहायचा, मग अडसर.

तेवीसचा बिल्ला माझ्याकडे आहे, पत्र्याच्या डब्यात, खिळ्यांबरोबर. खिळे कोरडे असतात. बिल्ला रोज सकाळी ओला. पुसून ठेवतो.

परवा तिचा फोन आला होता. तिला सांगितलं.

"डबा नळाजवळ आहे का?"

"नाही."

"खिडकीत? भिंतीला ओल?"

"नाही. जागा तीनदा बदलली."

मागे तिच्या वर्गाची घंटा ऐकू आली.

"मग लिहा तो शेवटचा पर्याय," ती म्हणाली. "आणि काका, पुसताना त्या म्हाताऱ्याचं नाव घेत जा."

घेतो. रोज.