खिम्याचे गोळे आणि वेळेआधी गेलेली लाइट

१४ डिसेंबर, रविवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. लोडशेडिंगची ठरलेली वेळ तीनची, पण आमची लाइट तेव्हाच गेली.

मैत्रिणींनो, वीज आमच्या चंद्रपुरात तयार होते, राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, आणि लाइटही आमचीच जाते!

आजारपणानंतर महिनाभर पेजेवर असलेले आमचे हे आज सकाळी आपणहून म्हणाले, "खिम्याचे गोळे करशील?" मी खिमा दोनदा वाटला, मऊ गोळे वळले. गॅस सिलिंडर संपलेला, म्हणून लेकीने पाठवलेल्या विजेच्या कुकरमध्ये रश्शात सोडले. पाच मिनिटांत कुकर बंद! ताट घेऊन हे बसलेले. म्हणाले, "राहू दे, पेजच दे."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शांताबाई ओरडल्या. त्यांचं घर दुसऱ्या लाइनवर आहे. "बाई, आमच्या इथी लाइट आहे नं! काऊन उभ्या राह्यल्या? आणा तो कुकर!"

दोघींनी गरम कुकर टॉवेलात धरून नेला आणि त्यांच्याकडे लावला. मागून हे भिंत धरत आले आणि शांताबाईंच्या ओट्यावर बसून चक्क तीन गोळे खाल्ले.

मग म्हणाले, "मीठ कमी आहे."

या वाक्यावरून मी लग्नापासून भांडत आले. आज मात्र पदर डोळ्यांना लावला.

वीज कार्यालयात कोणाची ओळख असेल तर एवढं पोचवा. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. माफी नको. पुढच्या रविवारी आमची लाइट नक्की किती वाजता जाणार, ते लिहा. यांनी पुन्हा गोळे मागितलेत.