तयारी केळी पाहिजे

माझ्या मुलाच्या सोयरिकीत आम्ही हुंड्यात शंभर डझन केळी मागितली, असं चाकूरमध्ये अजूनही काही लोक मानतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण लेखी पुरावा माझ्याच फोनवरून गेलेला आहे.

आम्ही नांदेडचे. माझा मुलगा निखिल इथंच बँकेत आहे. त्याच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही चाकूरला गेलो. मुलगी श्रुती, लातुरात दातांची डॉक्टर. वडील सूर्यकांतराव, गावात खत-बियाण्याचं दुकान. पोरगी मला बघताक्षणी आवडली. (पोहे खाता खाता तिनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, डावीकडची दाढ एकदा दाखवून घ्या." माझ्या दाढेची एवढी काळजी पोटच्या पोरानंही कधी केली नव्हती.)

निघताना सूर्यकांतराव म्हणाले, "ताई, काय ते मेसेजवर कळवा. दुकानात फोन लागत न्हाई. मेसेज तेवढा येतो."

घरी आल्यावर निखिल म्हणाला, "आई, मी लिहितो."

"तू गप बस. असल्या गोष्टी मोठ्यांनी लिहायच्या असतात."

नवा फोन हातात येऊन महिनाच झाला होता. त्याचा कीबोर्ड असा, की आपण इंग्रजी अक्षरं दाबायची आणि तो मराठी शब्द उमटवतो. अक्षर तांदळाएवढं, माझा अंगठा बटाट्याएवढा. 'नमस्कार' लिहायला गेले तर तीनदा 'नमकीन' आलं. अर्धा तास घाम गाळून चार ओळी झाल्या. वाचून बघावं म्हणून चष्मा पुसायला काढला आणि तेवढ्यात अंगठा लागून मेसेज गेला. जाऊ दे म्हटलं, आपण काय वाईट लिहिलंय!

संध्याकाळी उत्तर आलं. "किती?"

मला वाटलं, साखरपुड्याला माणसं किती ते विचारतायत. मी लिहिलं, "शंभर तरी. आमचा गोतावळा मोठा आहे."

मग, "कधीपर्यंत?"

"रविवारी या, बसून ठरवू."

"ठीक हाय ताई. बघतो."

"किती नम्र माणूस," मी निखिलला म्हणाले. "शंभर म्हटलं तरी एका शब्दानं कुरकुर नाही."

रविवारी सकाळी दारात पिकअप गाडी उभी राहिली. पुढून सूर्यकांतराव उतरले, त्यांच्यामागून श्रुती. तिचा चेहरा उपासाच्या दिवशी कांदा लागल्यासारखा. सूर्यकांतरावांनी गाडीवरची ताडपत्री ओढली. आत केळी. नुसती केळी. खालपासून वरपर्यंत पिवळंधमक.

"शंभर डझन हायेत ताई," ते घाम पुसत म्हणाले. "लातूरच्या बाजारातून उचलली. अस्सल अर्धापूरचा माल हाय, बघून घ्या."

अर्धापूर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. म्हणजे आमच्या उशाशी पिकलेली केळी लातूर फिरून, पाहुण्यांना दमवून, परत आमच्याच दारात आली होती.

मी काही बोलणार, तोच श्रुती पुढं झाली. आवाज चढवला नाही तिनं.

"काकू, तुमच्या घरची रीत काय असेल ती असेल. पण लग्न ठरवताना मुलीच्या बापाकडं मागणी करणाऱ्या घरात मी येणार नाही. सोनं मागा नाहीतर केळी. बाबा 'जाऊ दे' म्हणून राहिले, मी नाही म्हणणार. हे तोंडावर सांगायलाच आले."

निखिलचा चेहरा पडला.

"अगं, पण केळी मागितली कुणी?"

तिनं वडिलांचा फोन माझ्यापुढं धरला. मी या वेळी चष्मा लावून वाचलं. "नमस्कार. मुलगी सर्वांना आवडली. घरात चर्चा केळी. सगळ्यांनी पसंत केळी. आता लवकर तयारी केळी पाहिजे."

निखिलनं ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, "आई, महिनाभर मला बाजारातून येताना काय आणायला लिहीत होतीस?"

"केळी."

"के, ई, एल, आय. 'केली' लिहायला पण तेच, 'केळी' लिहायला पण तेच. तू रोज केळी निवडलीस. आता तो कीबोर्ड तुला विचारत पण नाही."

"आन् ते शंभर?" सूर्यकांतरावांनी विचारलं.

"माणसं हो! साखरपुड्याला."

"मी म्हटलं, केळी नगावर कोण मागतंय, डझनच असणार. पुन्हा विचारावं तर बरं दिसत न्हाई. वाटलं, कुळाचार असंल तुमचा."

श्रुती पायरीवर बसली आणि ओढणीत तोंड घालून हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. तिच्याकडं बघून निखिल सुटला, मग सूर्यकांतराव. शेवटी मीही हसले, दुसरा इलाजच नव्हता.

लग्न तिथंच पायरीवर ठरलं, तोंडी. कागद, पेन, फोन, कशालाच मला हात लावू दिला नाही. केळी सगळ्या कॉलनीत वाटली. चौथ्या दिवसापासून मी पिशवी घेऊन निघाले की शेजारणी दारं लावून घ्यायच्या.

त्या रविवारी चहा पिताना श्रुती माझ्याशेजारी बसून कीबोर्डवरचे शब्द निवडायला शिकवत होती. फार गोड शिकवत होती. मध्येच तिनं विचारलं, "काकू, तुम्ही शाळेत शिक्षिका होतात ना? विषय कोणता होता?"

निखिलला चहाचा ठसका लागला.

"गणित," मी म्हणाले. एकतीस वर्षं पोरांच्या मराठीच्या वह्यांत शुद्धलेखनाच्या चुका काढलेल्या बाईनं त्या घडीला दुसरं काय सांगायचं?