खरा लंबक

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, परत आलेला माल तपासून घ्यायच्या काउंटरवर ती बसायची. "एकदाही घातला नाही हो," म्हणत गिऱ्हाईक शर्ट पुढे सरकवायचं आणि ही आधी कॉलर उलटायची, मग काखेचा वास घ्यायची. दुकानात तिला सगळे भिंगताई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. शपथ घेणाऱ्याच्याच कॉलरला मळ असतो, हा तिचा अनुभव होता.

लग्नापायी अर्धवट राहिलेलं बीएस्सी तिने मुलगी नोकरीला लागल्यावर पुन्हा धरलं, तेही घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठातून. पुस्तकं आली, व्याख्यानं आली, तिथवर ठीक. पण प्रयोगशाळाही घरबसल्या! पडद्यावर दोरीला टांगलेला पितळी गोळा आणि त्याच्यामागे उभी मोजपट्टी. दोघांचंही वरचं टोक चौकटीच्या बाहेर. इथे बटण दाबलं की तिकडे दूर कुठेतरी मोटर दोरी लांब-आखूड करणार, गोळा झोके घेणार. आपण पट्टीवर लांबी वाचायची, झोक्यांचा वेळ टिपायचा आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा.

"अहो, हे खरं नसणार," ती नवऱ्याला म्हणाली. "फिल्म लावून ठेवलीय कुणीतरी."

नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. त्याने चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे पाहिलं. "अगं, गोळा खोटा असला तरी डिग्री खरी मिळेल ना?"

"मग ती डिग्री काय चाटायची?"

तिने परीक्षा घेतली. झोका मध्येच थांबवला. गोळा निमूट थांबला. दोरी उगाचच वरखाली केली, तेही झालं. पण तिचं समाधान होईना. सांगकामं चित्रही थांबेल की! शेवटी तिने मदतकेंद्राला लिहिलं, 'समोरचं यंत्र खरं आहे का?' पापणी लवायच्या आत उत्तर आलं, 'हो, नक्कीच! आणखी काही मदत हवी आहे का?' इतक्या झटकन हो म्हणणाऱ्यावर तिने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता.

त्यात तिचं गणित फसलं. नऊ पूर्णांक आठ यायला हवं तिथे कधी नऊ, कधी साडेआठ. दोरी फार आखूड केली तर आठच्याही खाली. पुन्हा केलं, तरी तेच.

तिच्याबरोबर शिकणारी एक नर्स होती, वयाने बरीच लहान. अभ्यासात अडलं की दोघी फोनवर बोलत. "ताई, माझे आकडे घ्या ना," नर्स म्हणाली. "ग्रुपवर सगळ्यांचं नऊ पूर्णांक आठच आलंय."

"सगळ्यांचं?"

"अगदी सगळ्यांचं."

भिंगताईच्या मनात पाल चुकचुकली. मात्र या खेपेला संशय आधी स्वतःवरच आला. इतक्या वर्षांनी डोकं गंजलं असेल. दोन-तीन आकडे जरासे वाकवले तर कुणाला कळणार होतं? पेन उचललंही तिने. पण हात काही धजला नाही. चुकलेले आकडे तसेच पाठवून दिले.

लगेच प्रयोग तपासणाऱ्या सरांचा फोन आला. "ताई, रागावू नका, पण हा प्रयोग तुम्हीच केलात ना? की कुणाकडून आकडे भरून घेतलेत?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. आजवर ती दुसऱ्यांच्या कॉलरी उलटत आली होती. आज कुणीतरी तिची उलटत होतं. "खोटेच भरायचे असते सर, तर बरोबर भरले असते!"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "दोरी आखूड तिथे चूक मोठी, लांब तिथे लहान..." सर पुटपुटले. "तुमचा पडदा चालू ठेवा. मी खाली प्रयोगशाळेत जाऊन बघतो."

ती पडद्याकडे टक लावून बसली. गोळा स्थिर होता. मग बाजूने एक हात आत आला, बाही दुमडलेला, खराखुरा माणसाचा हात. त्याने पट्टी धरली, वर सरकवली आणि स्क्रू आवळला. पट्टी खाली घसरली होती; म्हणून लांबी कमी दिसत होती.

"आता करून बघा," फोनवर सर म्हणाले. मग आवाज उतरला. "पण ताई, पट्टी घसरलेली असताना बाकीच्यांचं उत्तर बरोबर कसं आलं?"

तिला नर्सचं 'अगदी सगळ्यांचं' आठवलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना प्रयोग नव्याने करायची सूचना आली; कुणाच्या आकड्यांमुळे, तेही त्यात होतं. ग्रुपवर तिच्या नमस्कारालाही कुणी उत्तर देईना. नर्सने एवढंच लिहिलं, 'ताई, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?' ते मात्र तिला लागलं. दिवसभर उभं राहून घरी आलेल्या पोरीने आकडे उतरवले, तर तिला चोर म्हणायला भिंगताईची जीभ वळेना.

आठवड्याने नर्सचा फोन आला. आवाज ताठच होता. "ते मोटरचं बटण आधी दाबायचं की घड्याळाचं? मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं."

"मोटरचं आधी," ती म्हणाली, आणि मनात आलं, आता ही आकडे मागणार.

तासभर दोघी फोनवर होत्या. नर्स वेळ टिपत होती, चुकत होती, पुन्हा गोळा सोडत होती. आकडे तिने मागितले नाहीत.