गाठबाई आणि तीन बटणवाले

व्हिसा कचेरीतल्या कोपऱ्यातल्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना सगळे गाठबाई म्हणायचे. नाव पडलं ते त्यांच्या एका सवयीमुळे. एकाच धंद्यातली माणसं परदेशी निघाली, की त्यांचे अर्ज सुटेसुटे येतात, कुणाचा आज, कुणाचा आठवड्याने. बाई ते हुडकून एकत्र आणायच्या आणि नाडीने करकचून बांधायच्या. मग त्या गठ्ठ्याचा निकाल एकाच हातून, एकाच वेळी. त्यातला एक खोटा निघाला की बाकीचे त्याच्यासकट बुडाले. देवापुढेसुद्धा आपण आपापलं पाप वेगळं मांडू शकतो. गाठबाईंपुढे ती सोय नव्हती.

रोज सकाळी पहिली फाइल उघडण्याआधी बाई डोळे मिटून हात जोडत. शिपायाला वाटायचं, काय ही श्रद्धा. बाई मागत एवढंच, की देवा, आज थापा मारायला येणाऱ्यांना निदान नव्या थापा सुचू देत. देवाने ही प्रार्थना मनावर घेतल्याचं कधी दिसलं नाही.

त्या दिवशी गठ्ठ्यात तीन अर्ज होते. बटणांच्या कारखान्याची म्हातारी मालकीण, तिचा मुलगा आणि सून. त्यांचं जुनं यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं. नवं यंत्र परदेशातली एक कंपनी देणार होती, पण तिची अट अशी, की आधी इथे येऊन चालवायला शिका, मग यंत्र न्या. व्हिसा नाही तर यंत्र नाही, आणि यंत्र नाही तर कारखान्याला कुलूप.

नियमाप्रमाणे बाईंनी तिघांना एकेकटं बोलावलं.

"कारखान्यात निर्णय कोण घेतं?"

"आम्ही सर्व निर्णय एकमताने घेतो," मालकीणबाई म्हणाल्या.

मुलगाही तेच म्हणाला. सुनेने तर 'एकमताने' म्हणायच्या आधी सासू जिथे थांबली होती, तिथेच दम घेतला.

"यंत्र बिघडलं तर?"

"आम्ही तज्ज्ञांना पाचारण करतो." तिघांचंही हेच.

पाचारण. बटणं पाडणारी माणसं उभ्या जन्मात कुणाला पाचारण करत नाहीत, हाक मारतात. बाईंना यात एजंटाचा वास आला. शिवाय त्यांच्या स्वतःच्या घरात सासू, नवरा आणि त्या, अशी तीनच माणसं होती, आणि पंखा किती जोरात फिरवायचा यावर लग्न झाल्यापासून एकमत झालेलं नव्हतं. हे तिघं म्हणे अख्खा कारखाना एकमताने चालवतात.

मोठे साहेब चहाचा कप घेऊन डोकावले. "काय बाई, पोपट दिसतात."

"पोपट तर आहेतच."

"भाड्याने आणलेली माणसं. नकार मारा आणि जेवायला मोकळ्या व्हा."

"आणि खरीच असली तर?"

"खरी माणसं कुठे इतकी शहाण्यासारखी बोलतात?" साहेब म्हणाले आणि गेले.

बाईंचं घोडं तिथेच अडलं. एजंट खोट्यांना पढवतो तसा खऱ्यांनाही पढवतो. आणि नकाराचा शिक्का एकदा बसला, की पुढच्या प्रत्येक अर्जात तो मिरवावा लागतो. बाईंनी तिघांना एकदमच आत बोलावलं. असं करावं हे नियमात नव्हतं, करू नये असंही नव्हतं. असल्या जागा बाई बरोबर हेरून ठेवत.

"समजा, दोघांनाच परवानगी दिली," त्या म्हणाल्या, "तर मागे कोण राहील?"

हे एजंटाने शिकवलेलं नव्हतं. तिघं एकमेकांकडे बघायला लागली.

"हा," मालकीणबाई मुलाकडे बोट करून म्हणाल्या.

"मी? आई, तुला सरकता जिना तरी चढता येतो का?"

"तुला भोकं मोजता येतात का? चार भोकांच्या बटणांची ऑर्डर घेतलीस आणि पाठवलीस दोन भोकांची."

"ती हिने पाठवली."

"मी?" सून खुर्चीत ताठ झाली. "साचा उलटा कुणी बसवला होता? मी सांगत होते, तर सासूबाई म्हणाल्या, तुझ्या जन्माआधीपासून बसवतेय."

"मग, खोटं आहे का ते?"

"आणि यंत्र बिघडल्यावर तो तज्ज्ञ कोण येतो?" बाईंनी हळूच विचारलं.

"कसला तज्ज्ञ, डोंबलाचा," मालकीणबाई म्हणाल्या. "ही बसते हातोडी घेऊन. हिच्याशिवाय कुणी पट्ट्याला हात लावला तर ते यंत्र रुसतं. म्हणून तर हिला न्यायचं आहे."

सून खुर्चीतच सासूकडे वळली. मग म्हणाली, "हे घरी कधी बोलला नाहीत."

"घरी बोलले तर डोक्यावर मिऱ्या वाटशील."

बाईंनी शाईचं पॅड जवळ ओढलं आणि तिन्ही अर्जांवर मंजुरीचे शिक्के मारले.

साहेबांनी फाइल बघून विचारलं, "खात्री कशावरून पटली?"

"भांडले."

"नाटक असेल."

"साहेब, भाड्याची माणसं इतकं जीव तोडून भांडत नाहीत. घरचीच लागतात."

साहेबांना बहुधा स्वतःचं घर आठवलं. त्यांनी मुकाट्याने सही केली. शेऱ्यात 'भांडले' लिहायची सोय नव्हती, म्हणून बाईंनी लिहिलं, 'अर्जदारांना उद्योगाची सखोल माहिती आहे.'

जेवणाचा डबा उघडतात तोच खिडकीवर टकटक झाली. मालकीणबाई एकट्याच परत आल्या होत्या.

"बाई, तिघांचे शिक्के बसले का?"

"बसले."

"त्यातला एक काढता येतो का? मुलाचा. मागे कारखाना बघायला कुणीतरी हवं."

"एकाचा काढला तर तिघांचा जाईल. गाठ एकच आहे."

म्हातारीने क्षणभर हिशेब केला.

"मग राहू दे," ती म्हणाली. "पण विमानात खिडकी मी सुनेला देणार."