नायट्यावर नेलपॉलिश

अमेरिकेत, आयोवातल्या एका गावच्या शाळेत कुस्ती शिकवताना व्हर्लिन डायक्स्ट्रा तीस वर्षं एकच गोष्ट पोरांच्या कानीकपाळी ओरडत आला: अंगावर गोल चट्टा दिसला की आधी मला सांगा. आणि जानेवारीत चट्टा उठला तो खुद्द गुरुजींच्या दंडावर. नायटाच, चांगला लालबुंद.

आता गुरुजींनी सांगायचं कुणाला? त्यानं स्वतःलाच सांगितलं आणि स्वतःच माफ करून टाकलं. सामन्याआधी पंच अंग तपासतात तेव्हा चट्टा झाकायला नेलपॉलिश फासणाऱ्या कित्येक पोरांना त्यानं घरी हाकललं होतं. तरी या शहाण्यानं बायकोची अंगाच्या रंगाची नेलपॉलिशची बाटली उचलली नि दोन थर चढवले. वर लांब बाह्यांचा सदरा. सरावात घाम आला की सदरा काढायचा आणि त्याच दंडाखाली मुलींच्या संघात असलेल्या नातीची, ब्रिएलची, मान दाबून तिला सुटायचे डाव शिकवायचे.

विभागीय स्पर्धेला दहा दिवस उरले आणि ब्रिएलच्या डोक्यात नाण्याएवढी जागा केस गळून उघडी पडली. व्हर्लिनच तिला दवाखान्यात घेऊन गेला.

"हा नायटा अंगावर असता तर तीन दिवस औषध घेऊन खेळली असतीस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोक्यात नुसत्या मलमानं भागत नाही, बुरशी केसांच्या मुळांत शिरते. गोळ्या महिना-दीड महिना. आणि नियमाप्रमाणे चौदा दिवस खेळायचं नाही."

ब्रिएलचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. गाडीत ती धुमसत बसली. "मागच्या सामन्यात माझ्याशी लढलेल्या त्या पलीकडच्या गावच्या केंड्राकडूनच आलंय. आजोबा, तिच्या कोचला फोन लावा. तिलाही बसू दे घरी."

व्हर्लिनचा हात फोनकडे गेलासुद्धा, इतका तो थोर. मग त्यानं गाडी कडेला घेतली आणि बाही वर सारली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"महिना झाला."

"मलम?"

"नाही लावलं. लाज वाटली गं."

"मग उद्या सगळ्यांना दाखवा. माझं डोकं बघितल्यापासून पोरी त्या केंड्राला शिव्या घालतायत."

त्यानं गाडी परत दवाखान्याकडे वळवली. डॉक्टरीणबाईंनी त्याला दिवसातून दोनदा लावायचं मलम दिलं, चट्टा गेला तरी पुढे दोन आठवडे लावत राहा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दंडावर पट्टी बांधून तो पोरींसमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. तीन विनोद घोकून आला होता, एकही तोंडातून निघाला नाही. ब्रिएल बाकावर बसून, तिच्या जागी खेळणार असलेल्या पोरीला डाव समजावत होती. तिनं मान वर केली नाही.