गप ऱ्हावा जरा

मुरब्याहून सातपाटीला होडीने माणसं पोचवणारे ते मामा! भर खाडीत आले की वल्हं वर उचलायचे आणि म्हणायचे, "गप ऱ्हावा जरा. खाडी ऐका." वल्ह्यावरून टपटपणारं पाणीसुद्धा असं ऐकायचे, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. आम्ही टोपलीवाल्या बायका चिडायचो. "मामा, खाडी काय गानं बोलते? आमची मासली बाजारात पोचू दे!" मामा काही वल्हं खाली घ्यायचे नाहीत.

साठ-पासष्ट सालची गोष्ट. रात्री मासेमारीला गेलेली आमच्या ह्यांची होडी सकाळ झाली तरी परतली नव्हती, आणि धुकं तर इतकं की हातभर लांबचं दिसेना. त्यांची खबर काढायला सातपाटीला निघाले होते. मामांच्या होडीत मी रडत होते, बाकीच्या मोठमोठ्यानं धीर देत होत्या. मामांनी वल्हं उचललं. "गप! येकदम गप!"

गप्प झालो. पाणी टपटपत होतं. आणि काय सांगू बाई, त्याच्याही पलीकडून बारीक हाक आली, "कोन हाय का?" आमच्या ह्यांचाच आवाज! मी उठायला गेले. तेवढ्यात होडी डुचमळली. रोज आम्हाला गप्प करणारे मामा उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "इकडं! इकडं ये रे पोरा! तुजी बायको इथंच हाय!"