अंजनात दिसलेला माणूस

मुरुमच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या जोडीला काही वर्षं मी एका वृत्तवाहिनीला तालुक्यातल्या बातम्या पाठवायचो. पाणीटंचाई, सोयाबीनचे भाव, रस्त्यातले खड्डे. त्यातलं फारसं काही लागायचं नाही. माझी एकच बातमी दिवसभर फिरत राहिली, आणि तिच्यामुळंच मी ते काम सोडलं.

आमच्या गल्लीतला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर हंगामात ढोकीच्या कारखान्यावर ऊस वाहायचा. दोन दिवस घरी येतो, असं बायकोला फोनवर सांगून तो तिथून निघाला आणि पोचलाच नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली. थोरल्या भावानं वाटेवरचे धाबे, तुळजापूरचे लॉज पालथे घातले. चौथ्या दिवशी तो सोलापूरला जाणार होता. तिथल्या दवाखान्यांतून एक चक्कर मारून येतो, म्हणत होता.

त्याच सकाळी मला वाहिनीच्या संपादकाचा फोन आला. नुसता बेपत्ता माणूस कुणी बघत नाही, तुमच्या भागात अंजन बघणारा बाबा आहे, घरच्यांना त्याच्याकडं ने आणि शूट कर, असं त्यानं सांगितलं. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. तरी मी गेलो. आपण फक्त दाखवतोय, असं मनाला समजावलं. भावालाही मीच म्हणालो, सोलापूर उद्या करू.

बाबाचा मठ गावाबाहेर शेतात होता. बायको आणि भाऊ आत दर्शनाला बसले. बाबाचा एक वयस्क शिष्य मला ओसरीत चहा देऊन आपुलकीनं विचारपूस करत राहिला. मीही बोलत गेलो. माणूस कसा होता, अंगावर काय होतं, घरात काही कुरबूर, शेत कुठं. मग शिष्य कपबशी घेऊन आत गेला.

थोड्या वेळानं बाबानं विड्याच्या पानाला काजळ फासलं, त्यात डोळे रोखले आणि सांगितलं, निळा शर्ट दिसतोय, घरातून रागानं बाहेर आहे, कडुलिंबाखाली विहीर आहे, माणूस पाण्यात आहे. मी मोबाइलवर सगळं टिपत होतो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझाही विश्वास बसला. चित्रण तिथूनच पाठवून दिलं.

परतताना मोटारसायकलवर एकाएकी ध्यानात आलं. पोलिसांतल्या तक्रारीत लिहिलेला निळा शर्ट मी सांगितला होता. हंगामाला जाताना घरात झालेलं भांडण मी सांगितलं होतं. त्यांच्या शेतातली कडुलिंबाची विहीरसुद्धा मीच. गाडी बाजूला घेऊन संपादकाला फोन लावला, सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा हे बोलले का नाही? बोलले ना? मग बातमी खरी आहे."

दुपारी बातमी लागली. अंजनात दिसला पतीचा मृतदेह. शेजारच्या घरी टीव्हीसमोर बसलेल्या ड्रायव्हरच्या बायकोनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. सोलापूर राहूनच गेलं. पुढचे चार दिवस सगळी गल्ली विहिरींत गळ टाकत होती, मोटारी लावून पाणी उपसत होती. अंजनाचं खरं नाही, हे मी दोघातिघांना म्हणून बघितलं. टीव्हीवर तर तूच दाखवलंस, असं म्हणून ते कामाला लागले.

नवव्या दिवशी भावाला सोलापूरच्या एका दवाखान्यातून फोन आला. वाहनानं उडवलेला एक माणूस इतके दिवस धड शुद्धीवर नव्हता. आज त्यानं हा नंबर सांगितला होता. मीही भावाबरोबर गेलो. खाटेवर तो होता, डोक्याला पट्टी, पाय प्लास्टरमध्ये, गाल आत गेलेले.

"दादा," तो म्हणाला, "लई दिवस लावलास यायला."

भावानं फक्त माझ्याकडं बघितलं.

खरा धक्का त्यानंतर बसला. संपादकाला मी माणूस जिवंत असल्याचं कळवलं. वाटलं, आता तरी चूक दुरुस्त होईल. त्याला आनंदच झाला. बाबांनी मृत्यू परतवला, अशी बातमी कर म्हणाला. मी नकार दिला, तर त्यानं दुसऱ्या बातमीदाराला पाठवलं. बाबानं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, पाण्यातलं मरण होतं, पूजा करून मी ते बांधून ठेवलं. शेजारी ती बाई त्याच्या पायावर डोकं ठेवत होती.

मी तिच्या घरी गेलो, शिष्याच्या चहापासून सगळं सांगितलं.

"भाऊ, तवा तुमी दाखवलं म्हणून म्या बांगड्या फोडल्या," ती म्हणाली. "आता तुमी दुसरंच सांगायलाव. म्या कवाचं खरं धरू?"

थोरला भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. मी उठलो, तसा तो गल्लीच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आला.

"त्या दिशी मला सोलापूरला जाऊ द्यायचं हुतंस," एवढंच म्हणाला आणि मागं फिरला.